पाऊण फेरा

१

इंजिनाच्या व्हॉल्वला फट ठेवावी लागते. चाळीस वर्षं मी हेच करत आलो. पवनीपासून लाखांदूरपर्यंत नदीकाठच्या शेतांत तेलाची जी इंजिनं पाणी ओढत होती, त्यातल्या निम्म्यांना माझा हात लागला असेल. व्हॉल्वच्या डोक्यावर पोस्टकार्ड सरकवायचं, ते किंचित अडखळत बाहेर आलं की नट कसायचा. लोखंड तापलं की वाढतं, त्याला वाढायला जागा पाहिजे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

लाखनीच्या राजकुमार शेठची धानाची गिरणी आहे. त्यांनी यंदा धरणाच्या पाण्यावर लोकांना फिरवायला एक जुनी बोट आणली आणि माझ्या मुलाला, कैलाशला, ती चालवायला ठेवलं. कैलाशची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. मी दुसरं लग्न केलं नाही. त्याला न्हाऊ घालणं, अंगाला तेल लावणं, पाठ चोळून झोपवणं, सगळं याच हातांनी केलं. आता तो चौतीस वर्षांचा आहे आणि त्याचं लग्न झालं आहे. तरी तो पाण्यावर गेला की परत येईपर्यंत मी काठावरच बसून असायचो.

बोटीचं इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. वरचं कव्हर काढलं की आठ पुश रॉड एका ओळीत दिसतात. पुश रॉड म्हणजे करंगळीपेक्षा बारीक, वीतभर लांब लोखंडी कांडी. ती इंजिनाच्या पोटातून वर येते आणि वरच्या रॉकरला ढकलते. रॉकर व्हॉल्व उघडतो.

"मिस्त्री, बोट टकटक करून राहिली," शेठ म्हणाले. "रविवारी नागपूरचे लोक येऊन राहिले. पाहा बरं जरा."

मी आठही व्हॉल्वना पोस्टकार्ड लावलं, फट ठेवली आणि कव्हर बसवलं. बारा-एकच्या उन्हात अर्ध्या तासाचं काम.

कैलाशनं चावी फिरवली. टकटक गेली नव्हती. ती वाढली होती.

२

लोखंडावर लोखंड आपटलं की आवाज वाजतो, मग थोडा वेळ कानात राहतो. हा आवाज राहत नव्हता. तो जिथं पडायचा तिथंच संपायचा.

असा आवाज मी एकदाच ऐकला होता. लहानपणी आमच्या खळ्यावर धान चोरताना एक माणूस सापडला. त्याला खांबाला बांधून बैल हाकायच्या तुतारीनं, टोचणीच्या काठीनं, मारलं. पहिले चार फटके तो ओरडला. नंतर तो ओरडत नव्हता, फक्त काठी अंगावर पडल्याचा आवाज येत होता. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मी आईच्या लुगड्यात तोंड घातलं होतं, तरी तो ऐकू आला.

बोट पाण्यात दूर गेली तरी तो आवाज काठावर येत होता. मी स्वतःला समजावलं की पाण्यावर आवाज लांब जातो. म्हातारपणी कान काहीही ऐकतात.

संध्याकाळी कैलाश परत आला तो वाकून चालत होता. अंगणात आंघोळीला बसला तेव्हा मी त्याची पाठ पाहिली. मानेपासून कमरेपर्यंत, मणक्याच्या डाव्या बाजूला, आठ गोल काळेनिळे डाग. एकाखाली एक. प्रत्येक एवढासा, शर्टाच्या बटणाएवढा.

"कोणं मारलं?" मी विचारलं.

"कोण मारंल मले?"

"शेठनं हात उचलला का?"

"शेठ शिव्या देते बाबा, मारत नाई. बोटीच्या फळीले टेकून बसलो असंन, लागलं असंन काही."

"फळीले असे गोल खिळे हायेत का?"

"आता माह्या पाठीची बी दुरुस्ती करता का तुमी?" तो हसला, आणि हसताना कळवळला.

त्याची बायको गुंजन हळद गरम करून आली. तिनं बोट लावलं तसा तो दातावर दात दाबून बसला. दुसऱ्या दिवशीही तो बोटीवर गेला. परत आला तेव्हा तेच आठ डाग जास्त काळे झाले होते. नवा एकही नव्हता. ज्यानं मारलं होतं त्यानं बरोबर त्याच जागी मारलं होतं.

३

बोटीसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. गुंजन बारावी झालेली आहे. दुपारी जेवण झाल्यावर ती उंबऱ्यात बसून वाचत होती. मी कव्हरखालचं जुनं पॅकिंग घरी आणलं होतं, त्याच्यावरून कॉर्कच्या पट्टीतून नवं कापत होतो. कैलाश खाटेवर पालथा झोपला होता.

"मामाजी, इथी तं उलटंच लिहून हाय," गुंजन म्हणाली.

"काय उलटं?"

"फट ठेवायचीच नाई म्हणते. कांडी दोन बोटात धरून गोल फिरवत राहायची आन वरचा नट कसत जायचा. कांडी फिरायची थांबली का समजायचं, खाली टेकली. मंग अजून पाऊण फेरा."

"टेकल्यावर बी अजून कसायचं?"

"हो. खाली तेलानं भरलेली पेली रायते, लिफ्टर म्हणते तिले. ते दाब झेलते. फट ठेवली तं कांडी खाली आपटत रायते आन पेलीचा भुगा होते."

"पाहा," कैलाश उशीतूनच म्हणाला. "बुढ्याले सून शिकवून राहिली."

मीही हसलो. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी चूक केली होती, आणि ती दुरुस्त होण्यासारखी होती. आपटत राहते हा शब्द मात्र मनातून जाईना.

कैलाशला झोप लागल्यावर मी उठलो. का उठलो ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कापलेलं पॅकिंग बाजूला ठेवलं आणि खाली पडलेली कॉर्कची लांब पट्टी घेतली. कांड्या कुठं येतात त्या आठ जागा मी आधीच पेन्सिलीनं तिच्यावर मारून ठेवल्या होत्या. ती पट्टी मी हळूच मुलाच्या पाठीवर धरली.

दोन जवळ, मग थोडी जागा. दोन जवळ, मग थोडी जागा. आठही खुणा आठही डागांवर बसल्या. एकही सुतभर सरकवावी लागली नाही.

गुंजन पाहत होती. मी पट्टी खाली घेतली. ती उठली. पुस्तिका मिटून आत गेली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीवर गेलो. फट भरून काढली की आपटणं थांबेल, एवढा साधा हिशोब होता. बाकीचं मी मनात येऊ दिलं नाही. पट्टीवरच्या खुणांचं मी स्वतःला सांगितलं होतं की माणूस जे शोधतो ते त्याला दिसतं.

कैलाश वीस पावलांवर काठावर दोर गुंडाळत बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी इंजिन हातानं फिरवून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व मिटवले. नट सैल केला. कांडी अंगठा आणि बोट यांत धरून फिरवायला लागलो. नट कसत गेलो.

कांडी फिरायची थांबली. लोखंडाला लोखंड टेकलं की बोटांना कळतं. हे टेकणं मऊ होतं.

कैलाशनं खांदा झटकला. माशी बसल्यावर झटकतात तसा.

मी पाव फेरा दिला. तो ताठ झाला आणि मागं हात नेऊन मान चाचपू लागला. अर्धा फेरा झाला तेव्हा तो गुडघ्यांवर आला होता. मी नट उलटा फिरवला. तो उठला, इकडंतिकडं पाहिलं.

"काय झालं रे?"

"काई नाई. उसण भरली."

योगायोग असेल. म्हणून मी आठवी कांडी घेतली, सगळ्यात शेवटची. त्याला सांगितलं नाही, आवाज केला नाही. कांडी टेकली तसा त्याचा हात कमरेवर गेला. मग चौथी. हात पाठीच्या मध्यावर. पुन्हा पहिली. मानेवर. प्रत्येक वेळी त्याचं कण्हणं माझ्या पान्याच्या मागोमाग येत होतं, आणि मी ते पुन्हा पुन्हा करत होतो. स्वतःच्या लेकराला. एकदा करून माझी खात्री पटायला हवी होती. मी सहा वेळा केलं.

सहाव्या वेळी मी नट तसाच ठेवला आणि कांडी नुसती बोटात धरली. इंजिन बंद होतं. कांडी माझ्या बोटांत अगदी थोडी वर येत होती आणि खाली जात होती. तिकडं कैलाश धापा टाकत होता.

इंजिन फोडून टाकावं असं मनात आलं. घण हातात घेतला आणि परत ठेवला. आत काय आहे ते ठाऊक नसताना घण कसा घालायचा?

मी आठही नट सोडवले आणि एकेक कांडी उपसून काढली. खालच्या टोकांना तेल असायला हवं होतं. मी एक टोक जिभेला लावून पाहिलं. खारट होतं.

कांड्या फडक्यात बांधून घरी आणल्या आणि तांदळाच्या कोठीत खोल पुरल्या. कांड्या नाहीत तर इंजिन चालणार नाही.

५

आठ दिवसांत डाग निळ्याचे पिवळे झाले. कैलाश सरळ चालू लागला, गुंजनची थट्टा करू लागला. मी बोटीत काय केलं ते त्या दोघांनाही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

नवव्या दिवशी सकाळी शेठ आले. अंगणात आल्या आल्या त्यांनी कैलाशची कॉलर धरली.

"कांड्या कुठी हायेत? विकल्या का बे?"

"कोणत्या कांड्या?" कैलाशला खरंच माहीत नव्हतं. शेठनं त्याच्या कानशिलात ठेवून दिली. तो पडला नाही, पण त्याचा ओठ फुटला. दुसरा हात उचलला तेव्हा मी मधे गेलो आणि तो मला लागला.

"म्या काढल्या," मी म्हणालो. "पाण्यात फेकल्या. शेठ, ते इंजिन चालवू नोका."

"काहून?"

जे सांगायचं होतं ते त्या अंगणात, त्या उन्हात, सांगण्यासारखं नव्हतं.

"माणूस मरंल," एवढंच म्हणालो.

"बुढा सटकला तुह्या घरचा," शेठ गुंजनला म्हणाले. "नव्या कांड्या आल्या हायेत. केवळरामले आणलं नागपूरवरून, बोटीचा मोठा कारागीर हाय. बसलाय तिथी, काम चालू हाय. उद्या बोट पाण्यात पाहिजे." आणि मोटरसायकलवर बसून निघाले.

काम चालू आहे. मी चपला न घालताच निघालो, मग परत फिरलो. गुंजनला बाजूला घेतलं.

"सूनबाई, त्याले खाटेवर निजव. पालथा. जवळून हलू नोको. फोन चालू ठेव आन मले सांगत राय, काय होते ते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. पाठीवर धरलेली ती पट्टी तिलाही आठवत असणार.

"मामाजी, तुमी लौकर जा," ती म्हणाली.

६

केवळराम चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. त्याची हत्यारं स्वच्छ होती, फडक्यावर ओळीनं मांडलेली. त्यानं माझं काही वाईट केलं नव्हतं, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

मी बोटीत उतरलो तेव्हा नव्या आठही कांड्या आत घातलेल्या होत्या. तो पहिलीचा नट कसत होता. फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, आवाज मोठा करून.

"भाऊ, थांबा," मी म्हणालो. "माह्या पोराले लागते."

"कुठी हाय पोरगा?"

"घरी."

त्यानं बोटीतच उभ्या असलेल्या शेठकडे पाहिलं. शेठनं डोक्याशी बोट फिरवलं.

"काका, सावलीत बसा ना," केवळराम प्रेमानं म्हणाला. "हे पंपाचं इंजिन नाई. इथी बोटाचा अंदाज लागते. पाहा, फिरते, फिरते, फिरते... थांबली." त्यानं पाना लावला. "आता पाऊण."

खिशातून कैलाशचा आवाज आला. गुंजन म्हणाली, "मामाजी, मान धरली त्यानं. तोंडात उशी धरली."

"ऐका ना," मी फोन पुढं केला. "ऐका तुमी."

"पोरगा बी नौटंकी हाय," शेठ म्हणाले. "दुसरी घे रे."

दुसरी फिरली, थांबली. पाऊण फेरा. घरातून आलेला आवाज मी याआधी कधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. केवळरामचा हात क्षणभर थांबला. त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं. त्यालाही ऐकू आलं होतं, आणि त्यालाही माझ्यासारखंच वाटलं असणार, योगायोग. त्यानं तिसरी धरली.

"थोडी मऊ वाटते ही," तो स्वतःशीच म्हणाला. आणि पाऊण फेरा दिला.

"मामाजी, रक्त येऊन राहिलं तोंडातून," गुंजनचा आवाज आता अगदी हळू होता. "हाड वाजलं. म्या ऐकलं. मामाजी, थांबवा त्यायले."

मी केवळरामचा हात धरला. शेठनं मला मागून ओढलं आणि ढकलून दिलं. मी बोटीच्या तळाशी हत्यारांवर पडलो. उठताना माझ्या हातात हातोडा होता. तो मी उचलला की तो तिथं होता म्हणून आला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. कैलाशवर कधीच नाही. पण त्या घटकेला मला फक्त चौथ्या कांडीवरची ती दोन बोटं दिसत होती, अंगठा आणि तर्जनी, गोल फिरवणारी. फिरते. फिरते. थांबली. त्यानं दुसऱ्या हातानं पाना घ्यायला वळून पाहिलं.

मी हातोडा त्या बोटांवर घातला. सगळ्या अंगाचा भार देऊन, वरून खाली.

७

केवळराम ओरडला. त्याची बोटं आता बोटांसारखी दिसत नव्हती. शेठ शिव्या देत काठावर उडी मारून लोकांना हाका मारू लागले. मला हे सगळं दुरून ऐकू येत होतं, कारण मी खिशातलं ऐकत होतो.

खिशात काहीच नव्हतं. कण्हणं नव्हतं.

थांबलं, असं मला वाटलं. वाचवलं, असं वाटलं. तेवढा एक श्वास मी सुखाचा घेतला.

मग मी इंजिनाकडे पाहिलं. चौथा रॉकर वाकला होता. हातोडा बोटांवर पडून तिथं थांबला नव्हता, बोटांतून रॉकरवर आणि रॉकरखालच्या कांडीवर गेला होता. कांडी जिथं असायला हवी त्याच्या चार बोटं खाली होती. इतकं खाली जायला तिथं जागाच नसते. खाली लोखंड असतं.

मी रॉकर बाजूला केला. कांडीचं टोक नखांनी धरलं आणि ओढली. ती लवकर येईना. पायात खोल गेलेला काटा काढताना येतो तशी, अडत अडत, थोडी थोडी वर आली. मी हळू ओढत होतो. दुखू नये म्हणून.

केवळरामची बॅटरी फडक्यावर पडली होती. ती पेटवून मी त्या भोकात धरली.

आत तेल नव्हतं, पेली नव्हती. कातडी होती. सावळी, घामानं भिजलेली, बारीक लव असलेली, मधे गोल खळगा पडलेला. एवढीशीच दिसत होती, अंगठ्याच्या नखाएवढी. पण ती पाठ मी ओळखतो. बत्तीस वर्षं ओळखतो.

काठावर माणसं जमत होती. कुणीतरी बोटीत उडी मारली, बोट डुलली. खिशातून गुंजनचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती. झोपलेल्या माणसाला उठवताना घेतात तसं, हळू, पुन्हा पुन्हा, ती त्याचं नाव घेत होती.

मी डोळा भोकाला लावला. श्वास घेतला की पाठ वर येते. एकदा जरी वर आली असती तरी मला कळलं असतं.

बोट डुलत होती, उजेड हलत होता, आणि हलत्या उजेडात नीट कळत नाही. म्हणून मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली.